कॅमेरा घेण्याआधी एकदा दौलताबाद चढा

दसरा जवळ आला की दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या दिसू लागतात आणि माझा फोन वाजू लागतो. कुणाचा बोनस झालेला असतो, कुणाची भिशी लागलेली असते, कुणी नोकरीच्या पहिल्या वर्षाचे पैसे साठवलेले असतात. प्रश्न एकच. “सर, चांगला कॅमेरा घ्यायचाय. कोणता घेऊ?”

माझं उत्तरही ठरलेलं. एवढ्यात घेऊ नका. आधी गडावर जाऊन या.

समोरच्याला वाटतं, मी टाळतोय. तसं नाही. संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्यानं पंधराएक किलोमीटरवर हा किल्ला आहे. हातात आहे तोच फोन घेऊन सकाळी लवकर जा, दिवस तिथं काढा, शंभरेक फोटो काढा. खिशात एक छोटी वही ठेवा. जो फोटो मनासारखा आला नाही त्याच्यापुढे कारण लिहा. ‘मिनार मावला नाही.’ ‘भाची हलली.’ ‘दगड काळा ठिक्कर, आकाश पांढरंफटक.’ ‘वानर ठिपक्याएवढं.’ तांत्रिक शब्द एकही नको, घरात बोलतो तसं लिहायचं. संध्याकाळी पायथ्याशी चहा घेताना ती वही वाचली की कळतं, आपल्याला कॅमेऱ्याकडून नेमकं काय हवंय. दुकानात याच्या उलट घडतं. तिथं काउंटरपलीकडचा माणूस त्याच्याकडे काय शिल्लक आहे ते सांगतो आणि आपल्याला तेच हवं होतं असं वाटू लागतं.

दौलताबादच का? एका फेरीत इतक्या तऱ्हेचा उजेड दुसरीकडे मिळायचा नाही. रणरणतं ऊन, मिट्ट काळोख, डोळ्यात मावणार नाही एवढी उंची, नखाएवढी नक्षी, सहलीची पोरं आणि दम काढणारी चढण, सगळं एकाच तिकिटात. यादवांची ही देवगिरी. १३२७ मध्ये महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी उचलून इथं आणली, आणि पुढे परत नेली. कॅमेरा घेताना निदान तेवढी घाई नको.

चाँद मिनारपासून सुरुवात करू. पंधराव्या शतकातला, बहामनी काळातला हा मिनार आत शिरल्यावर थोड्याच वेळात समोर येतो. सकाळचं ऊन त्याच्यावर आणि मागच्या डोंगरावर छान पडतं. जवळ उभं राहून फोन उचलला की मिनार मावत नाही. मग फोन वर तिरपा होतो आणि मिनार मागे कलंडल्यासारखा दिसतो. बहुतेकांच्या वहीत पहिली नोंद हीच असते, आणि तिच्यापायीच ‘मोठा कॅमेरा घेतला की मावेल’ अशी समजूत होते.

इथं सावध व्हा. नव्या कॅमेऱ्याबरोबर जी लेन्स मिळते, तिला किट लेन्स म्हणतात, ती बहुधा १८-५५ मिलिमीटरची असते. तिची १८ची बाजू पूर्वीच्या फिल्मच्या मापात मोजली तर २७-२८च्या आसपास भरते. तुमच्या फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरचा असतो. म्हणजे चाळीस-पन्नास हजार मोजून आणलेल्या कॅमेऱ्यात चाँद मिनार फोनपेक्षा कमीच मावणार! फोनमध्ये ‘पॉइंट पाच’ लिहिलेला रुंद कॅमेरा असेल, तर फरक आणखी वाढतो. हे कुणी आधी सांगत नाही, आणि माणूस घरी जाऊन हिरमुसतो.

उपाय दोन. फुकटचा उपाय म्हणजे मागे सरकणं. कॅमेरा सरळ धरा, तिरपा करू नका, आणि मिनार पायापासून कळसापर्यंत बसेपर्यंत मागे चालत राहा. दुसरा उपाय पैशांचा : १०-१८ किंवा १०-२० मिलिमीटरची रुंद लेन्स. ज्याला घरांचे अंतर्भाग, वाडे, लेणी टिपायची आहेत त्याला ती लागेलच. वेरूळच्या सोळा क्रमांकाच्या लेण्यात, कैलासच्या अंगणात, मागे सरकायला एका मर्यादेपलीकडे जागाच नाही. पण वहीत ‘मावलं नाही’ ही नोंद दोनतीनदाच असेल, तर या लेन्सचा विचार आत्ता सोडून द्या.

आता अंधारीकडे चला. खंदक ओलांडून पुढे गेलं की डोंगराच्या पोटात खोदलेला तो वळणावळणाचा रस्ता लागतो. शत्रूला वाट चुकवण्यासाठी केलेला आहे. आत वटवाघळं, त्यांचा उग्र दर्प आणि हात पुढे केला तर हात दिसणार नाही असा काळोख. गाइड मशाल पेटवतो तेव्हा तिच्या उजेडात लोकांचे चेहरे असे काही उजळतात की फोटो काढल्याशिवाय राहवत नाही.

फोन इथं चलाखी करतो. रात्रीच्या मोडमध्ये तो एकामागून एक बरेच फोटो काढतो आणि ते एकावर एक बसवून एक करतो. त्यामुळे खडकाची भिंत सुरेख येते. पण मशाल धरणारा माणूस? तो हललेला, चेहरा मेण वितळल्यासारखा. कारण साधं आहे. बऱ्याचशा फोनचा मुख्य सेन्सर, म्हणजे ज्याच्यावर उजेड पडून चित्र तयार होतं तो तुकडा, जेमतेम ८ बाय ६ मिलिमीटरचा असतो. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत जो सेन्सर असतो, त्याला एपीएस-सी म्हणतात, तो सुमारे २३ बाय १५ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ सातपट. पाऊस पडताना अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल, इतका सरळ हिशोब आहे. फुल फ्रेम म्हणतात तो ३६ बाय २४चा. ती परात आणखी मोठी, आणि भावही तसाच.

पण परात मोठी असून भागत नाही. तिच्यावर छताचं भोक केवढं आहे तेही बघावं लागतं. लेन्सवर ‘एफ’ लिहून जो आकडा असतो तो या भोकाचा. आकडा लहान, भोक मोठं. हे उलटं गणित सुरुवातीला सगळ्यांनाच चकवतं. १८-५५ची किट लेन्स ५५ वर नेली की तिचं भोक एफ ५.६च्या वर उघडत नाही. ५० मिलिमीटरची साधी, न झूम होणारी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. दोन्हींत उजेडाचा फरक जवळजवळ दहापट. अंधारीत ज्या चेहऱ्यासाठी किट लेन्सला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो, आणि तेवढ्यात माणूस हलतो, तिथं ही लेन्स सेकंदाच्या दीडशेव्या भागात काम उरकते. फोटोग्राफर मंडळी तिला लाडानं ‘फिफ्टी’ म्हणतात. नवीन घ्यायच्या लेन्समध्ये ती सगळ्यात स्वस्तांपैकी एक.

लेन्सवर किंवा बॉडीवर ‘स्टॅबिलायझेशन’ लिहिलेलं असतं, ते विक्रेता फार रंगवून सांगतो. ते तुमच्या हाताचा कंप सावरतं. समोरचा माणूस हलत असेल तर ते काही करू शकत नाही. ज्यांच्या वहीत ‘पोरगं हललं’, ‘आजी हलली’, ‘आरती काळी आली’ अशा नोंदी भरल्यात, त्यांचा निर्णय जवळपास झालाच म्हणा : बॉडी साधी चालेल, जुनी चालेल, पण मोठ्या भोकाची एक लेन्स पाहिजे. एपीएस-सी कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स घरात जरा जवळची पडते, भिंतीला पाठ टेकवावी लागते. म्हणून घरातले प्रसंग जास्त असतील तर ३५ मिलिमीटर एफ १.८ अधिक सोयीची. निकॉनवाल्यांना ती वर्षानुवर्षं मिळतेय.

आणि हो, अंधारीत फ्लॅश मारू नका. वटवाघळांना त्रास, मागच्या माणसाच्या डोळ्यांना त्रास, आणि फोटोत मशालीची सगळी माया निघून जाते.

बाहेर आलात की डोळे दिपतात. इथं तिसरी नोंद होते. दौलताबादचा खडक म्हणजे आपला दख्खनचा काळा बेसाल्ट, आणि वर दुपारचं पांढरं आकाश. फोटो काढला की एक तर आकाश जळतं नाही तर दगड काळवंडतो. यात कॅमेऱ्याचा दोष थोडा, आपला जास्त. कॅमेऱ्यातल्या मीटरला सगळं जग मध्यम राखाडी असतं अशी समजूत शिकवलेली असते. काळ्या भिंतीसमोर धरलं की तो बिचारा तिलाही राखाडी करायला बघतो, मग फोटो फिका येतो. अशा वेळी उजेड मुद्दाम एक घर कमी करायचा असतो. कॅमेऱ्यावर अधिक-उणे लिहिलेलं बटण असतं ते यासाठीच. घ्यायच्या कॅमेऱ्यात हे बटण किंवा चकती हाताशी आहे की मेनूच्या चौथ्या पानात दडलीय, एवढं मात्र दुकानात जरूर बघा. मी तर म्हणेन की मेगापिक्सेलच्या आधी बघा.

दुसरा भाग ‘रॉ’ फाइलचा. जेपीईजी म्हणजे शिजवून वाढलेलं ताट. रॉ म्हणजे शिधा. शिध्यातून नंतर आकाश थोडं परत आणता येतं, दगडातला तपशील वर काढता येतो. आजचे गंभीर म्हणावेत असे सगळे कॅमेरे रॉ देतात, पुष्कळ फोनही देतात. मात्र तो शिजवायला घरी बऱ्यापैकी संगणक, वेळ आणि चिकाटी लागते. तुमच्याकडे ते नसेल तर ‘रॉ’साठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

अंधारीच्या अलीकडे चिनी महाल लागतो, तिथंही थोडं थांबा. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशाही सुलतान अबुल हसन तानाशाह १६८७ नंतर इथं कैदेत होता. भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या चकाकत्या फरशांचे काही तुकडे अजून टिकून आहेत. जवळच्या बुरुजावर मेंढ्याचं तोंड असलेली तोफ आहे. दोन्हींचे जवळून घेतलेले फोटो फोनवर चांगलेच येतात, किट लेन्सवरही येतात. या कामासाठी वेगळी मॅक्रो लेन्स घ्यायची गरज पहिल्या वर्षी कुणालाच नसते, किडे-मुंग्यांचं वेड असेल तर गोष्ट वेगळी.

वानरं, घारी, वरच्या तटावर बसलेले पोपट ही मात्र फोनच्या आवाक्याबाहेरची मंडळी. वहीत त्यांच्याच नोंदी असतील, तर ५५-२५० किंवा ७०-३०० अशी लांबची लेन्स लागेल. लहान सेन्सरचा इथं फायदा होतो. कॅननच्या एपीएस-सी बॉडीवर २५० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरच्या ४०० मिलिमीटरइतकं जवळ आणते. पक्षी टिपायचे असतील तर फुल फ्रेमच्या मागे न लागण्याचं हे एक सबळ कारण आहे.

मग शेवटची चढण. पायऱ्या, पुन्हा पायऱ्या, गणपतीचं देऊळ, आणि त्याच्याही वर बारादरी. ही परीक्षा फोनला देता येत नाही, म्हणून घरून निघताना पिशवीत दीड किलो तांदूळ बांधून घ्या. हसू नका. फुल फ्रेमचा डीएसएलआर आणि त्याची चांगली झूम लेन्स मिळून एवढंच वजन होतं. निकॉनची डी७५० बॉडी सुमारे ७५० ग्रॅम आणि २४-१२० लेन्स सुमारे ७१० ग्रॅम. याउलट निकॉन डी३५०० किट लेन्ससकट सहाशे ग्रॅमच्या थोडं वर. कॅननचा आर५० आणि त्याची छोटी १८-४५ लेन्स मिळून अर्धा किलो. मी एकदा हौसेनं एक वजनदार जोडी विकत घेतली होती. पहिल्या महिन्यात गडावर नेली, गणपतीच्या देवळाशी बसलो आणि बारादरी खालूनच बघितली. पुढचं वर्षभर ती कपाटात राहिली आणि फोटो फोनवर निघाले. विकली तेव्हा घरच्यांनी काही म्हटलं नाही, पण नजर पुरेशी होती. चढणीवर तांदूळ जड वाटले, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आपल्याच मुलखातली जुनी माणसं आठवली की स्वतःची लाज वाटते, हेही सांगून टाकतो. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याला मुक्काम ठोकून लेण्यांतल्या चित्रांच्या रंगीत नकला करत होता. १८५६ मध्ये त्यानं कॅमेरा हाती घेतला. त्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण त्याचे फोटो, दोन डोळ्यांनी बघायचे जोडफोटोसुद्धा, १८६४ मध्येच जेम्स फर्ग्युसनच्या पुस्तकांतून छापले गेले होते, म्हणून राहिले. पुढे निजामाच्या दरबारचे फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांनी १८८०च्या दशकात वेरूळ टिपलं, इथला चाँद मिनारही टिपला. काचेच्या प्लेटा, लाकडी कॅमेरा आणि तिकाटणं घेऊन. झूम नव्हता. मागे सरकायचं तर सगळं बिऱ्हाड उचलून सरकायचं. एक प्लेट वाया गेली तर ती गेलीच. त्यांचे फोटो बघताना जाणवतं की उभं कुठं राहायचं हे त्यांनी आधी पुष्कळ वेळ ठरवलं असणार. न झूम होणारी एकच लेन्स घेऊन वर्ष काढा, असं मी नवशिक्यांना सांगतो ते यामुळे. निम्मे ऐकत नाहीत.

वही भरली, आता बाजार. गुलमंडी, औरंगपुरा, निराला बाजार, कुठंही जा, पहिला सवाल येणार : डीएसएलआर की मिररलेस? डीएसएलआरमध्ये आरसा असतो, डोळा लावला की खरं दृश्य दिसतं. मिररलेसमध्ये आरसा नाही, आत छोटा पडदा असतो आणि फोटो जसा येणार तसाच आधी दिसतो. नवशिक्याला हे फार उपयोगी. आकाश जळतंय हे बटण दाबण्याआधीच कळतं. कंपन्यांचाही कल तिकडेच. कॅनन आणि निकॉन यांनी २०१८ मध्ये आपापले नवे मिररलेस माउंट, आरएफ आणि झेड, आणले. माउंट म्हणजे लेन्स जिथं अडकते ती कडी. दोघांचे व्यावसायिकांसाठीचे सगळ्यात वरचे डीएसएलआर २०२० मध्ये आले आणि त्यानंतर नवी भर जवळपास थांबली. सोनीचा ई माउंट २०१० पासून आहे, त्यामुळे त्याच्या जुन्या लेन्सही बाजारात खूप फिरतात.

याचा अर्थ डीएसएलआर टाकाऊ झाला असा घेऊ नका. माझ्या मते हातात पैसे कमी असलेल्या माणसासाठी इतका चांगला काळ पूर्वी नव्हता. लग्नाची कामं करणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत मिररलेस घेतले आणि त्यांच्या डीएसएलआर बॉड्या, लेन्स सेकंडहँड बाजारात आल्या. कॅननचा ईएफ माउंट १९८७ पासूनचा, निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा. या दोन कड्यांना बसतील अशा जुन्या लेन्सचा साठा अफाट आहे. बॅटरीचं म्हणाल तर निकॉन डी३५०० एका चार्जिंगमध्ये कंपनीच्या मोजणीनं १,५५० फोटो देतो. मिररलेस झेड५० सुमारे ३००. दिवसभर गडावर राहणाऱ्यानं मिररलेस घेतला तर दुसरी बॅटरी खर्चात धरूनच हिशोब मांडावा.

व्हिडिओ करायचा असेल तर मात्र वाद संपला, मिररलेसच घ्या.

सेकंडहँड घेताना घाईत पैसे देऊ नका. दिवसा, उजेडात, स्वतः जाऊन बघा. आधी लेन्स. मोबाइलची बॅटरी लावून एका बाजूनं आत उजेड टाका आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या किंवा बुरशीच्या फुलासारख्या रेषा दिसल्या तर ती फंगस. मुंबईहून, कोकणातून आलेल्या लेन्समध्ये ती जास्त आढळते, कारण हवा दमट. मराठवाड्याची हवा कोरडी, इथं धुळीचा त्रास अधिक. चारदोन धुळीचे कण आत असले तर बिघडत नाही, फंगस असेल तर कितीही स्वस्त असली तरी हात जोडा. ती दुसऱ्या लेन्समध्ये पसरण्याची भीती असते.

मग बॉडी. भोक एफ १६ वर लहान करून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ, साफ होते. ओरखडा असेल तर होत नाही. शटर किती वेळा पडलंय तो आकडा विचारा. सुरुवातीच्या बॉड्यांचं शटर साधारण एक लाख फोटोंसाठी तपासलेलं असतं. निकॉनच्या फोटोतच हा आकडा लिहिलेला येतो, संगणकावर वाचता येतो. कॅननच्या बहुतेक बॉड्यांत तो असा सहज मिळत नाही, मग रबराची झीज, बटणांवरची पुसलेली अक्षरं आणि मालकाचा धंदा यावरून अंदाज घ्यायचा. लग्नाचा कॅमेरा म्हणजे ओढलेला बैल, पण खाऊपिऊ घातलेला. दहा वर्षं कपाटात बंद ठेवलेल्या हौशी माणसाच्या कॅमेऱ्यापेक्षा मी कधीकधी तो पसंत करतो. बॅटरी फुगलेली नाही ना, कार्डाची खाच वाकलेली नाही ना, फ्लॅशची पट्टी सैल नाही ना, हे बघायला दोन मिनिटं लागतात.

निकॉनबाबत एक खोच. डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉड्यांमध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या ‘एएफ-डी’ लेन्स त्यांवर हातानंच फोकस कराव्या लागतात. उलट नव्या ‘एएफ-पी’ लेन्सचा ऑटोफोकस डी३१००, डी३२००, डी५१०० अशा जुन्या बॉड्यांवर चालत नाही. कुणी ‘निकॉनची आहे, निकॉनला बसते’ म्हणालं तर बसते हे खरं, पण चालते का ते बॉडीवर लावून बघा.

नवीन घेत असाल तर पक्कं जीएसटी बिल आणि भारतातल्या कंपनीचं वॉरंटी कार्ड, यावर तडजोड नको. ‘बिल नको असेल तर आठ हजार कमी करतो’ असा प्रस्ताव आला की समजा, माल बहुधा बाहेरून आणलेला आहे. पुढे बिघाड झाला तर सर्व्हिस सेंटर दारातून परत पाठवतं, आणि विकणारा तोवर ओळख विसरलेला असतो.

दुकानात कॅमेरा हातात घ्या, दहा मिनिटं खाली ठेवू नका. चष्मा असेल तर चष्म्यासकट डोळा लावून चारही कोपरे दिसतात का ते बघा. खिडकीच्या कडेला एक छोटी चकती असते, ती फिरवून नंबर थोडा जुळवता येतो. आपलं कार्ड घालून तिथंच वीसेक फोटो काढा आणि घरी नेऊन बघा. सौदा त्याच दिवशी करायचा नाही. मेगापिक्सेलवर फार वेळ घालवू नका. २४ मेगापिक्सेलची फाइल ६००० बाय ४००० ठिपक्यांची असते, तिची उत्तम छपाई वीस बाय तेरा इंचांपर्यंत होते. एवढा मोठा फोटो लावायला तुमच्या घरात भिंत कुठे आहे ते आधी ठरवा.

पैशांची वाटणी मी अशी सांगतो. समजा एकूण पन्नास हजार आहेत. बॉडी आणि किट लेन्स मिळून तीस-पस्तीसच्या वर जाऊ देऊ नका, मग ती सेकंडहँड घ्यावी लागली तरी चालेल. उरलेल्यांत एक मोठ्या भोकाची लेन्स, दोन चांगली कार्डं, दुसरी बॅटरी, रबरी ब्लोअर आणि अंगाला नीट बसणारी साधी बॅग. पावसाळ्यासाठी स्वयंपाकघरातला रबरी झाकणाचा हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. लेन्सवर घालायचा हूड घ्या, तो उन्हापासून वाचवतो आणि धडकेपासूनही. ट्रायपॉड तूर्त नको. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागांत तो लावायला आगाऊ परवानगी लागते, म्हणजे दौलताबाद, वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा, सगळीकडे तो गाडीतच राहणार. बॉडीवर सगळे पैसे ओतून लेन्ससाठी ‘पुढच्या दिवाळीला बघू’ म्हणणारे बरेच भेटतात. त्यांची ती दिवाळी येत नाही.

आणि एखाद्याच्या वहीत फारशा तक्रारीच नसतील तर? असंही होतं. गेल्या साली एक ताई गडावरून उतरल्या आणि म्हणाल्या, “मला फोनच पुरतो हो, सकाळी लवकर उठायला मात्र पाहिजे.” मी त्यांना कॅमेरा सुचवला नाही. ज्यांना तरीही मोह आवरत नाही, त्यांनी लग्नाचं काम करणाऱ्या ओळखीच्या फोटोग्राफरकडून दोन दिवसांसाठी भाड्यानं घ्यावा आणि त्याच रस्त्यानं पुन्हा चढावं. मिनार, चिनी महाल, अंधारी, गणपती, बारादरी. त्याच जागा, जमल्यास त्याच वेळा, म्हणजे फोनचे फोटो आणि हे फोटो शेजारी ठेवून बघता येतात.

कॅमेरा घरी आला की पहिल्या रात्री तीनच कामं करा. तारीख-वेळ बरोबर लावा, नाहीतर वर्षभराचे फोटो भलत्याच क्रमानं लागतात. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. पट्टा नीट ओवून बकल घट्ट करा आणि दोनदा ओढून बघा. पहिला रविवार गडावर. उतरताना सीताफळं अवश्य घ्या, डोळे उघडलेली बघून घ्या, पण ती कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका. जागा शिल्लक दिसते म्हणून मी एकदा ठेवली होती. घाटातला एक खड्डा पुरला. लेन्स कोपऱ्यात होती म्हणून वाचली, बॅगेच्या कप्प्यांतून बिया मात्र मी मार्गशीर्षापर्यंत वेचत होतो.